पालथं उखळ

ओइकावा व्याही आले ते तांदळाचं पोतं पाठीवर घेऊनच. उत्तरेतल्या इवातेहून गाड्या बदलत बदलत, शेवटी खिंडीपर्यंतची बस, आणि तिथून पुढे बर्फातून पायी. नातवाचा पहिला वाढदिवस म्हणून माणूस एवढ्या लांब आला खरा, पण दारात पाय टाकल्यावर त्यांनी आधी नातवाला उचललं नाही. पोतं ओट्यावर टेकवलं, त्यावरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "आमच्या शेतातला आहे. चिकट तांदूळ. उद्या मोची कांडू. पोराच्या पाठीवर बांधायची म्हणजे घरचीच हवी." पहिल्या वाढदिवसाला मोची, म्हणजे वाफवलेला चिकट तांदूळ उखळात कांडून केलेला मऊ गोळा, पोराच्या पाठीवर बांधून त्याला चालवायची रीत असते.

कुवाताचं हे घर म्हणजे त्यांच्या लेकीचं, सायोचं सासर. सायोनं मान खाली घातली आणि कडेवरच्या हारुओचं नाक उगीचच पुसलं. तिचं लग्न होऊन दोन वर्षं होऊन गेली होती, पण सासरी मोची कांडत नाहीत हे तिनं माहेरी कळवलंच नव्हतं. कळवणार तरी कसं? तिच्या गावात जन्माला मोची, लग्नाला मोची, पेरणीला मोची, मयताला मोची. त्यांना हे सांगणं म्हणजे सासरची माणसं मीठ खात नाहीत असं सांगण्यासारखं होतं.

शेवटी तिची सासू फुमी म्हणाली, "एवढं ओझं कशाला वाहून आणलंत? घरात अळकुड्या आहेत की."

ओइकावांना वाटलं विहीणबाई थट्टा करतायत. ते मनापासून हसले. बाकी कुणी हसत नाही हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागला.

संध्याकाळी चुलीभोवती जेवायला बसल्यावर सगळं सांगणं भागच पडलं. सायोचा नवरा शिगेरू असं काही सांगायची वेळ आली की उठून लाकडं आणायला जातो. तसा तो गेलाही, पण लाकडं आधीच भरपूर आणून ठेवलेली होती, त्यामुळे लगेच परत आला. मग त्याचे वडील गेंझो यांनी खाकरून सुरुवात केली. या घरात मोची कांडत नाहीत. वर्ष संपता संपता आणि नवं वर्ष लागताना तर दुसऱ्यानं दिलेलीही तोंडाला लावत नाहीत. देवापुढे अळकुडीचा मोठा कंद ठेवतात, रश्श्यातही अळकुडीच. पोराच्या पाठीवर म्हणाल तर शिगेरूच्या पाठीवरसुद्धा पहिल्या वाढदिवसाला अळकुड्यांची पिशवीच बांधली होती.

"अळकुड्या," ओइकावा म्हणाले.

"चांगल्या निवडून घेतलेल्या," फुमी म्हणाली.

दुसरा कुणी असता तर रागावला असता. ओइकावांचा स्वभाव वेगळा. कुणाच्या घरी नवीन तऱ्हेचं कुलूप दिसलं तरी ते उघडून बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि मांडी बदलून विचारलं, "पण का?"

"का म्हणजे? आमचे पूर्वज योद्धे होते," गेंझो छाती जराशी पुढे काढत म्हणाले. "लढाई हरले आणि या खोऱ्यात पळून आले. तो दिवस वर्षअखेरीचा होता. मोची कांडायला सवड मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून आपण कांडायचं नाही."

"अहो बाबा, ते भिक्षूचं होतं ना?" शिगेरू म्हणाला. "दारात भिक्षू आला, घरात मोची असून त्याला नाही म्हणाले, म्हणून त्यानं शाप दिला."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी."

"मला त्यांनीच योद्ध्यांचं सांगितलं होतं."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही आपलीच गोष्ट जास्त बरी वाटत होती. ओइकावांना मात्र दोन्ही आवडल्या. ते वळून कोपऱ्यात बसलेल्या तोमे आत्याबाईंना म्हणाले, "आणि तुमची कोणती?"

तोमे आत्याबाई गेंझोची सख्खी आत्या. याच घरात जन्मली, खाली नदीकाठच्या गावात दिली, नवरा वारल्यावर परत इथंच आली. ऐंशीला टेकली होती आणि तिला नको तेव्हा ऐकू यायचं नाही. "चहा आहे का गं थोडा?" तिनं सायोला विचारलं.

"कारण कशाला हवंय?" फुमी मध्येच म्हणाली. "कांडली तर मोचीत रक्त उतरतं. एवढं पुरे नाही का?"

"रक्त," ओइकावा म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "पाहिलंय कुणी?"

फुमीच्या हातातला डाव रश्श्यात तसाच राहिला. मग तिनं तो ढवळला, इतक्या जोरात की अळकुड्या फुटल्या.

"तुमच्याकडची गंमतच आहे," ओइकावा वातावरण सैल करायला म्हणाले. "चंद्रावरचा ससासुद्धा बसून मोची कांडतो. आणि तुमच्या घरात नाही."

"माणसं चंद्रावर जाऊन आली," गेंझो म्हणाले. "टीव्हीवर दाखवलं. ससा काही दिसला नाही."

"अमेरिकन माणसं ती. त्यांना उखळ समोर असलं तरी ओळखू येणार आहे का?"

या वाक्यावर गेंझो हसले, आणि तिथून पुढे साकेची सुरई रिकामी होईपर्यंत दोघं व्याही एकमेकांच्या बाजूला सरकत गेले. उठताना गेंझो चक्क म्हणाले, "खरं म्हणजे एकदा कांडून बघायला हरकत काय आहे?" बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी पाठ फिरवलेली होती.

सकाळी फुमी मोरीत गेली तर मोठ्या पिंपात तांदूळ भिजत घातलेला. दाणे पाणी पिऊन टपोरे, पांढरेशुभ्र झाले होते. तिनं पिंपावर झाकण ठेवलं, परत काढलं, आणि सायोला हाक मारली.

"तुझ्या वडलांनी घातला?"

"नाही, आई. मी घातला."

फुमीला वाटलं होतं सून खोटं बोलेल, निदान रडेल. सायो सरळ उभी होती. फक्त कान लाल झाले होते.

"मी इथं आल्यापासून सगळं केलं," सायो म्हणाली. "अळकुड्या सोलून सोलून हाताला खाज सुटली तरी सोलल्या. पण हारुओच्या बाबतीत मला नाही म्हणायचं असेल तर का ते सांगा. तिघांच्या तीन गोष्टी. त्यातली कुठली खरी मानून गप्प बसू?"

"भिजलाय तो कोंबड्यांना घाल," फुमी म्हणाली आणि पाठमोरी झाली.

ती पाठमोरी झाली ती राग आला म्हणून नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. ती घाबरली होती, आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. या घरातल्या बाकीच्यांना ती गोष्ट होती, कुणाची योद्ध्यांची, कुणाची भिक्षूची. फुमीला मात्र ती गोष्ट नव्हती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी शिगेरू पोटात होता. नव्या वर्षाला ती खिंडीपलीकडे माहेरी गेली होती. आईनं अझुकीचं, म्हणजे लाल घेवड्याचं, गोड पुरण भरलेली मोची निखाऱ्यावर भाजायला ठेवली आणि मोची अशी फुगली, तिला भेग पडली, आतलं पुरण दिसलं. डोहाळेच ते. आई पाणी आणायला बाहेर गेली तेवढ्यात फुमीनं दाराकडे पाठ करून ती मोची खाल्ली, भाजत होती तरी खाल्ली, आणि बोटं चाटून पुसून बसली. सासरचा नेम आईलाही ठाऊक होता, म्हणून आईलाही सांगितलं नाही. त्याच वसंतात लाकडाच्या वखारीत करवतीनं गेंझोच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरी आणलं तेव्हा फडकं लालभडक झालं होतं. फुमीला पहिलं आठवलं ते पुरण.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तो हात तिच्यासमोर वाडगा पुढे करतो आणि ती त्यात वाढते. सगळ्या खोऱ्यात नेमाची कडक बाई म्हणून तिचं नाव झालं. आणि आता ही पोरगी कांडायचं म्हणत होती, तेसुद्धा हारुओसाठी, त्या चिमुकल्या हातांच्या हारुओसाठी. का ते सांगा म्हणे. काय सांगणार होती ती?

ओइकावा तोवर बाहेर पडले होते. गोठ्याशेजारच्या कोठीच्या दाराशी एक लाकडी ठोकळा आहे, माळ्यावर चढायची पायरी म्हणून. त्या ठोकळ्यावर पाय देऊन या घरातली माणसं चढत-उतरत आली. शिगेरूनं लहानपणी त्यावर उभं राहून भाषणं ठोकली होती, आणि सायो रोज त्यावर कोंबड्यांच्या खाण्याचं टोपलं ठेवायची. ओइकावा त्यावर बूट बांधायला बसले. बसले आणि उठले. वाकून त्यांनी ठोकळ्यावर टिचकी मारली, मग बुक्की मारली, मग कान लावला.

"शिगेरू," त्यांनी हाक मारली. "जरा हात लाव."

दोघांनी मिळून तो उलटा केला. खालच्या बाजूला कोळ्यांची जाळी, उंदरांनी आणलेला भुसा, आणि त्याखाली खोलगट पोट असलेलं झेल्कोव्हाच्या लाकडाचं उखळ.

"अमेरिकन लोकांना उगीच नावं ठेवली," ओइकावा म्हणाले.

हाक ऐकून गेंझो आले, सायो आली, हारुओ तिच्या कडेवरून उखळात घुसायला बघू लागला. ओइकावांनी गुडघ्यांवर बसून आत हात फिरवला. एखादा वैद्य पोट तपासतो तसा. "नवं उखळ इतकं खोल नसतं," ते म्हणाले. "तळ बघा. झिजून गुळगुळीत झालाय. यात कैक वर्षं मोची कांडलीय, आणि दणकून कांडलीय. योद्धे बिद्धे जाऊ द्या, गेंझोसान. या घरात कांडत होते. मग थांबवलं कुणी?"

गेंझोनी तळाला हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मी जन्मभर यावर पाय देत आलोय," ते म्हणाले.

"माझ्या आईनं थांबवलं," मागून आवाज आला.

तोमे आत्याबाई पडवीत येऊन उभी होती. हातात काठी नव्हती, अंगावर शाल नव्हती. सायो धावली आणि तिला आधार देऊन पडवीच्या कडेला बसवलं. फुमीही आतून आली होती, दारातच थांबली. आत्याबाईंचं लक्ष उखळावर होतं.

"किती लहान वाटतंय आता," ती म्हणाली. "मला त्यात लपता यायचं."

"आत्या, तुला माहीत होतं?" गेंझो म्हणाले.

"माहीत नसायला काय झालं? त्या साली जून महिन्यात गारा पडल्या. तुतीचं पान शिल्लक राहिलं नाही. रेशमाचे किडे उपाशी मेले, सगळ्या फळ्यांवर, टप टप खाली पडायचे. रेशीमच नाही तर तांदूळ कुठून? इथं भात पिकत नाही, चिकट तांदूळ तर खालूनच आणायचा. वर्षअखेर आली. खोऱ्यात घराघरातून कांडण्याचा आवाज येतो ना, तो यायला लागला. ज्याच्या घरातून येणार नाही त्याची चूल थंड आहे हे सगळ्यांना कळणार. माझी आई मानी बाई. तिनं उखळात ओला पेंढा घातला आणि कांडला."

"पेंढा?" शिगेरू म्हणाला.

"आवाज सारखाच येतो. तुझे आजोबा, माझा धाकटा भाऊ, उड्या मारत आला की मोची झाली, मोची झाली. आत पेंढा बघून असा रडला की शेजारी ऐकू गेलं असतं. आईनं त्याचं तोंड दाबून धरलं. पुढच्या वर्षी परत तेच हाल. तेव्हा तिनं उखळ पालथं घातलं आणि सांगितलं, आपल्या घराला मोची चालत नाही. मी विचारलं का. ती म्हणाली पूर्वजांचा नेम आहे. मी म्हटलं मग मागच्याच्या मागच्या वर्षी कशी चालली? मी फार विचारायचे. दिवसभर तिच्या मागे मागे, का गं, का गं. शेवटी ती कंटाळली आणि म्हणाली, कांडली तर रक्त उतरतं. मग मी गप्प बसले. रक्ताला मी भ्यायचे."

हारुओनं उखळातला भुसा काढून तोंडात घातला, सायोनं तो काढला.

"मग नंतर बरे दिवस आले तेव्हा का नाही सांगितलंस?" गेंझोनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता. योद्धे गेले होते ना.

"मी विधवा होऊन परत आले तोवर तुझा बाप गावाला योद्ध्यांचं सांगत फिरत होता. रडका पोरगा तो. त्याला पूर्वज मिळाले होते, रे. मी कशाला काढून घेऊ?"

ओइकावांनी समाधानानं मान डोलावली. त्यांच्या मते हे तिसरं कारण पहिल्या दोन्हींपेक्षा चांगलं होतं. ते तसं म्हणणारही होते, पण तेवढ्यात फुमी दारातून पुढे आली. अनवाणी बर्फातच उतरली.

"म्हणजे नेम नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता गं," आत्याबाई म्हणाली.

"काहीच नव्हतं? पेंढा होता?"

"पेंढा होता."

"आत्याबाई, तुम्ही माझ्यासमोर इतकी वर्षं जेवताय," फुमी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "रोज जेवताय. एकदा तरी बोलायचंत." मग ती नवऱ्याकडे वळली. सगळ्यांसमोर बोलायची तिची रीत नव्हती, पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "मी खाल्ली होती. माहेरी, नव्या वर्षाला, शिगेरूच्या वेळी. चोरून खाल्ली. आणि त्याच वसंतात तुमची बोटं गेली."

गेंझो आधी समजलेच नाहीत. त्यांनी आपला उजवा हात वर करून पाहिला, मग बायकोकडे पाहिलं.

"ही?"

"ही."

"तू तेव्हापासून हे धरून बसलीस?"

सायोला एकदम सगळं आठवलं, सासूचं ते पाठमोरं होणं, वाढताना त्या हाताकडे कधीच न बघणं. कडकपणाचा तिला इतका राग आला होता, त्या रागाची तिला आता लाज वाटली.

"अगं ए वेडे," गेंझो म्हणाले. मग घसा खाकरला, व्याह्यांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि ठरवलं की आता झाकून उपयोग नाही. "ती मोचीनं नाही गेली. वखारीतल्या पोरांशी मी शर्यत लावली होती. एका हातानं ओंडका पुढे सरकवायचा आणि दुसऱ्या हातानं सिगरेट पेटवायची. पेटवली मी. जिंकलो. आणि मग सगळ्यांकडे बघून हसलो."

"तुम्ही पट्टा सुटला म्हणाला होतात," फुमी म्हणाली.

"घरात काय सांगणार? पोटुशी बायको समोर रडतेय, तिला सांगू का, सिगरेटपायी बोटं घालवली म्हणून?"

फुमी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हसू येतंय की रडू, हे तिलाच कळत नव्हतं. शेवटी तिनं वाकून मूठभर बर्फ उचलला आणि नवऱ्याच्या छातीवर मारला, नीट नेम धरून. शिगेरूनं आयुष्यात आईला असं करताना पाहिलं नव्हतं. तो लाकडं आणायला निघालाच होता, पण सायोनं त्याची बाही धरून ठेवली.

"तांदूळ कोंबड्यांना घातलास?" फुमीनं तिला विचारलं.

"नाही, आई."

"मिसो आंबवायला सोयाबीन वाफवतो ती पेटी काढ. उभी काय राहिलीस?"

दुपारपर्यंत अंगणात धूर आणि वाफ झाली. उखळ उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं. मोगरी घरात नव्हती, तेव्हा गेंझोंची जंगलात पाचर ठोकायची नवी मोगरी ओइकावांनी घासून घासून पांढरी केली. वाफाळलेला भात उखळात पडला आणि प्रश्न उभा राहिला की उखळात हात कुणी घालायचा. कांडणारा मोगरी मारतो, आणि दोन घावांच्या मध्ये दुसऱ्यानं ओल्या हातानं गोळा उलटायचा असतो. दोघांचं जमलं नाही तर हात गेलाच. ओइकावा बाह्या सरसावून पुढे झाले.

"थांबा," गेंझो म्हणाले. त्यांनी उजवा हात पाण्यात बुडवला. "हात माझा. मोगरी हिची."

"मी नाही मारणार," फुमी म्हणाली.

"मार. उरलेली शाबूत राहतात की नाही बघू."

पहिला घाव इतका हलका पडला की भाताला कळलंही नसेल. "पाखरू बसलं का?" गेंझो म्हणाले. दुसरा जरा बरा. मग ओइकावांनी त्यांच्याकडच्या पद्धतीनं ताल धरला, हो, आणि हो, आणि त्यात सायोचा आवाज मिसळला. फुमीची मोगरी पडायची, तीन बोटांचा हात आत जायचा, गोळा उलटायचा, बाहेर यायचा. तिचा श्वास चढला तरी ती थांबेना. खोऱ्यात आवाज गेला. समोरच्या उतारावर एक दार उघडलं, मग दुसरं. कुवाताच्या घरातून कांडण्याचा आवाज येतोय हे बघायला माणसं बाहेर येऊन उभी राहिली. आत्याबाई पडवीत डोळे मिटून ऐकत होती. "पेंढ्याचा आवाज जरा बद्द येतो," ती स्वतःशीच म्हणाली. "शेजाऱ्यांना कळलं असणार."

मोची झाली. हारुओची वाटोळी गरगरीत मोची फडक्यात बांधून त्याच्या पाठीवर दिली. तो एक पाऊल चालला, दुसऱ्याला विचारात पडला, आणि बदकन बसला. पडलं म्हणजे पोर घर सोडून लांब जायचं नाही, असं म्हणून दोन्ही आजोबांनी टाळ्या वाजवल्या. हारुओनं भोकाड पसरलं.

फुमी या गडबडीत उखळापाशीच राहिली होती. कडेला चिकटलेला एक तुकडा तिनं काढला. दोन्ही हातांनी ताणला, उजेडात धरला, उलटून पाहिला.

"काय शोधतेस?" गेंझो तिच्या शेजारी येऊन म्हणाले. त्यांचा हात भाताच्या वाफेनं लाल झाला होता, पण जेवढा होता तेवढा होता.

"काही नाही."

तिनं तो तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला. माहेरच्या त्या मोचीची भीती तिला वर्षानुवर्षं आठवत आली होती. चव मात्र एकदाही आठवली नव्हती, इतक्या घाईनं ती खाल्ली होती.

"सायो," तिनं हाक मारली, "पुढचा घाणा केव्हा?"

"भात वाफवायला ठेवलाय, आई."

"मग अझुकी शिजत घाल," फुमी म्हणाली. "मला पुरण भरलेली पाहिजे."